फायरवॉलची चावी कुणाकुणाकडे? रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका पतसंस्थेचं प्रकरण

ऑडिटरने मागितलेली यादी साधी होती. मुख्य कार्यालयातला फायरवॉल (इंटरनेटच्या दारावरचा पहारेकरी) आणि शाखांमधले राउटर (शाखेला नेटशी जोडणारी पेटी) यांच्यावर अ‍ॅडमिन म्हणून कोण कोण लॉगिन करू शकतं, त्यांची नावं हवी होती. रत्नागिरी जिल्ह्यातल्या या पतसंस्थेकडे अशी यादी नव्हती. संगणक विभाग सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्याने आठवून आठवून कागदावर नावं लिहिली. तो स्वतः, कोल्हापूरच्या देखभाल कंपनीतली दोन माणसं, त्याआधीच्या कंपनीतला एक जण, सीसीटीव्ही बसवून गेलेला तंत्रज्ञ, आणि संस्था सोडून पुण्याला नोकरीला लागलेला एक मुलगा. सगळ्यांचं लॉगिन एकच : ‘अ‍ॅडमिन’. पासवर्डही एकच, तोही सगळ्या शाखांना मिळून.

त्या कागदानंतर आम्हाला बोलावणं आलं. संस्थेचं नाव देत नाही, आणि ओळख पटेल असे तपशील बदलले किंवा गाळले आहेत. हे प्रकरण सविस्तर लिहावंसं वाटलं, कारण यात कुणी निष्काळजी नव्हतं. प्रत्येकाने आपापल्या परीने काम चालू ठेवलं होतं, आणि त्यातूनच ही अवस्था झाली होती. कोकणातल्या दवाखान्यांत, हॉटेलांत, आंबा कॅनिंगच्या युनिटांत, कॉलेजांत मला हेच चित्र दिसतं.

मांडणी अशी होती. मुख्य कार्यालय रत्नागिरी शहरात, खात्यांचा सर्व्हर तिथेच. नऊ शाखा : लांजा, राजापूर, देवरुख, साखरपा इकडे, तर पावस, जयगड, गुहागर किनाऱ्याकडे, आणि दोन शहरातच. मुख्य कार्यालयात फोर्टिनेट कंपनीचा फोर्टिगेट फायरवॉल, प्रत्येक शाखेत मायक्रोटिक कंपनीचा एक लहान राउटर आणि शाखेतली यंत्रं एकमेकांना जोडणारा एक स्विच. शाखा आयपीसेक टनेलने, म्हणजे इंटरनेटमधून काढलेल्या सांकेतिक बोगद्याने, मुख्य कार्यालयाला जोडलेल्या. त्याच स्विचवर कॅशियरचा पीसी, पासबुक प्रिंटर, सीसीटीव्हीचा रेकॉर्डर, अंगठ्याची हजेरी घेणारं यंत्र, सगळं एका रांगेत. मध्ये कुठेही विभागणी नाही.

अ‍ॅडमिन पान बाहेरून उघडं का ठेवलं होतं

२२ जुलै २०२१ला वाशिष्ठीच्या पुराने चिपळूण बुडालं. त्याच पावसात आंबा घाटात दरडी कोसळल्या. कोल्हापूरहून रत्नागिरीला यायची नेहमीची वाट तीच. तीन शाखांचे टनेल तुटलेले, पिग्मी एजंटांचं कलेक्शन जमा होत नव्हतं, पेन्शनवाले काउंटरवर उभे, आणि देखभाल कंपनीचा माणूस घाटापलीकडे अडकलेला. त्याने फोनवरून सांगितलं, कर्मचाऱ्याने तसं केलं : फायरवॉलचं अ‍ॅडमिन पान (त्याची सेटिंग बदलायचं लॉगिन पान) इंटरनेटच्या बाजूने चालू केलं. मग कोल्हापुरातून बसल्या जागी टनेल पुन्हा उभे राहिले. पुढे ज्या शाखांना स्थिर आयपी (इंटरनेटवरचा कायमचा, बाहेरून गाठता येणारा पत्ता) मिळत गेला, त्यांच्या राउटरवरही तेच झालं.

त्या आठवड्यात तो निर्णय योग्य होता, असं माझं आजही मत आहे. लोकांचे पैसे अडकू दिले नाहीत. पण पाऊस ओसरला, घाट सुरू झाला, आणि ती सोय मात्र तशीच राहिली. कुणी बंद करायचं हे ठरलेलंच नव्हतं. कंपनीलाही ते सोयीचं होतं, कारण गुहागर शाखेची तक्रार आली तर कोल्हापूरहून रत्नागिरी, तिथून जयगडला जाऊन फेरीबोटीने तवसाळला उतरायचं, पुढे गुहागर. एका सेटिंगसाठी अख्खा दिवस. म्हणून मी देखभाल कंपनीला दोष देत नाही. अंतर खरं आहे, पाऊस खरा आहे. उपाय काढायचा तर तो या अंतराला पुरून उरणारा पाहिजे, नाहीतर पुढच्या जुलैत कुणीतरी पुन्हा तेच पान उघडेल.

बाहेरून काय दिसत होतं

अध्यक्षांची लेखी परवानगी घेतली आणि मोबाईलच्या हॉटस्पॉटवरून संस्थेचे स्वतःचे पत्ते तपासले. मुख्य कार्यालयाच्या पत्त्यावर ४४३ पोर्टला (पोर्ट म्हणजे त्या पत्त्यावरचा क्रमांक दिलेला दरवाजा) फायरवॉलचं लॉगिन पान उघडत होतं, २२ला एसएसएच, म्हणजे दुरून आदेश देऊन यंत्र चालवायची वाट. दोन शाखांत ८२९१, म्हणजे मायक्रोटिकच्या विनबॉक्स या सेटिंग बदलायच्या प्रोग्रामचा पोर्ट, जगाला खुला. त्यातल्या एका शाखेत २३ला टेलनेट हा दुरून लॉगिन करायचा जुना मार्गही चालू होता, त्यातून पासवर्ड उघड्या अक्षरांत वाहतो. त्याच शाखेत एसएनएमपी (उपकरणाची अवस्था दुरून विचारायची सोय) ‘पब्लिक’ या सगळ्यांना माहीत असलेल्या नावाने उत्तर देत होतं, आणि त्या उत्तरात राउटरचं मॉडेल, सॉफ्टवेअरची आवृत्ती, आतल्या पोर्टांची नावं सगळं येत होतं.

बाकीच्या शाखा बाहेरून दिसत नव्हत्या. सेटिंग मात्र त्यांचीही तीच होती. फोरजी डोंगलवर चालणाऱ्या शाखांना मोबाईल कंपनी सामायिक पत्त्यामागे ठेवते, बाहेरून कुणाला थेट जोडता येत नाही, एवढंच त्यांना वाचवत होतं. उद्या सीसीटीव्ही बघण्यासाठी कुणी स्थिर आयपी घेतला असता की त्याही उघड्या पडल्या असत्या. ज्या दोन शाखांत विनबॉक्स दिसत होतं, त्यांतल्या एकीचं असंच झालं होतं.

देखभाल कंपनीच्या माणसाचं म्हणणं सरळ होतं. “सर, पासवर्ड अठरा अक्षरी आहे. कुणाला सापडणाराय?” लॉग बघितला तर दिवसभर कुठकुठल्या पत्त्यांवरून चुकीचे पासवर्ड मारले जात होते. तोही त्याला त्याच्या म्हणण्याचा पुरावाच वाटत होता : एवढे प्रयत्न होऊनही कुणी आत आलं नाही.

इथे थोडं थांबावं लागतं, कारण हा समज फार पसरलेला आहे. पासवर्ड कितीही लांब असला तरी तो विचारला गेला तरच उपयोगी पडतो. २०१८ साली मायक्रोटिकच्या विनबॉक्समधली सीव्हीई-२०१८-१४८४७ ही त्रुटी उघड झाली (सीव्हीई म्हणजे जाहीर झालेल्या त्रुटीला दिलेला क्रमांक). तिच्यातून लॉगिन न करताच राउटरमधल्या फायली वाचता येत होत्या, त्यात वापरकर्त्यांची फाईलही. दुरुस्ती एप्रिलमध्येच आली होती, तरी त्या वर्षी एक लाखाहून जास्त राउटर दुसऱ्यांच्या क्रिप्टो खाणकामाला जुंपले गेले, कारण ते अपडेट झाले नव्हते आणि विनबॉक्स इंटरनेटला खुलं होतं. ऑक्टोबर २०२२मध्ये फोर्टिनेटच्या उपकरणांत सीव्हीई-२०२२-४०६८४ सापडली : खास घडवलेली वेब विनंती पाठवली की अ‍ॅडमिनचं काम पासवर्डाशिवाय करता येई. ऑक्टोबर २०२३मध्ये सिस्कोच्या आयओएस एक्सईच्या वेब पानात सीव्हीई-२०२३-२०१९८ निघाली, तीव्रता दहापैकी दहा. बाहेरचा माणूस थेट सर्वोच्च अधिकाराचं खातं तयार करू शकत होता, आणि हजारो उपकरणांत तसं झालंही. तिन्ही वेगळ्या कंपन्या, पण धोक्यात आलेल्यांची सारखी बाब एकच : अ‍ॅडमिन पान बाहेरून पोहोचण्याजोगं होतं. जून २०२३मध्ये अमेरिकेच्या सिसा या सायबर सुरक्षा संस्थेने तिथल्या केंद्रीय सरकारी कार्यालयांना आदेशच दिला की असं पान इंटरनेटवर आढळलं तर १४ दिवसांत काढा किंवा त्याच्यापुढे स्वतंत्र प्रवेश नियंत्रण बसवा.

म्हणून आम्ही पासवर्डच्या ताकदीची चर्चाच बाजूला ठेवली. आधी पान दिसता कामा नये. मग लॉगिनचं बघू.

संचालकांपुढे

मंडळात बहुतेक जण निवृत्त शिक्षक, बागायतदार, एक-दोन व्यापारी. पोर्ट आणि प्रोटोकॉलची भाषा तिथे उपयोगाची नव्हती. पण तिजोरीची शिस्त त्यांना पक्की माहीत होती. शाखेची तिजोरी दोन चाव्यांनी उघडते, एक शाखाधिकाऱ्याकडे आणि दुसरी रोखपालाकडे. कुणी रजेवर गेलं तर चावी सह्या घेऊन दुसऱ्याच्या हातात जाते, रजिस्टरला नोंद होते. मी एवढंच मांडलं की ज्या पेटीतून सगळ्या खातेदारांचे व्यवहार जातात-येतात, तिची चावी सहा जणांकडे आहे, त्यातले तीन आपल्या नोकरीत किंवा करारात नाहीत, आणि नोंद कुठेच नाही. अध्यक्षांनी कागद पुढे ओढला आणि म्हणाले, “म्हणजे त्या पुण्याच्या मुलाने आज मनात आणलं तर?” त्याने आणलं नव्हतं. तो चांगला मुलगा आहे, फोन केल्यावर त्यानेच जुनी माहिती काढून दिली. पण प्रश्न बरोबर होता, आणि त्याच सभेत खर्च मंजूर झाला.

आधी दुसरी वाट

अशा कामात बहुतेक वेळा क्रम चुकतो. ऑडिट आलं की घाईने बाहेरचा प्रवेश बंद केला जातो. पहिली तक्रार आली की अडचण होते, आणि ‘तात्पुरता’ म्हणून तो परत उघडतो. आम्ही उलट केलं. जुनं पान चालू ठेवून आधी नवी वाट बांधली, देखभाल कंपनीला ती वापरायला लावली, त्यांचा हात बसला, मगच जुनं बंद केलं. मधले काही आठवडे धोका तसाच होता हे मान्य करून. त्या काळापुरता फायरवॉलच्या पानावर फक्त कोल्हापूरच्या कार्यालयाचा पत्ता चालेल असा नियम (फोर्टिगेटमध्ये त्याला लोकल-इन म्हणतात) घातला, आणि शाखांचं विनबॉक्स, टेलनेट बाहेरून पहिल्याच दिवशी बंद केलं.

नवी वाट अशी : मुख्य कार्यालयात एक लहान मिनी-पीसी, त्यावर लिनक्स. बाहेरून तिथपर्यंत यायला वायरगार्ड, म्हणजे एक प्रकारचा व्हीपीएन (इंटरनेटवरून आत यायचा खासगी, सांकेतिक रस्ता). फायरवॉलवरचा एसएसएल व्हीपीएन वापरा असा आग्रह झाला होता, तो मी मान्य केला नाही. गेल्या काही वर्षांत अशा व्हीपीएन पानांवरही हल्ले झालेत, आणि ज्या पेटीचं पान झाकायचं तिचंच दुसरं पान उघडायचं यात अर्थ नव्हता. वायरगार्डचा एक गुण इथे फार उपयोगी आहे : ओळखीची डिजिटल किल्ली नसलेल्या पॅकेटला, म्हणजे डेटाच्या तुकड्याला, तो उत्तरच देत नाही. बाहेरून तपासणाऱ्याला तिथे काही आहे हेही कळत नाही.

वायरगार्डने मिनी-पीसीपर्यंत पोहोचलं की एसएसएच, प्रत्येकाची स्वतःची किल्ली आणि वर मोबाईल अ‍ॅपमधला सहा आकडी कोड. हा कोड एसएमएसने येणारा नाही. तो मोबाईल स्वतःच घड्याळावरून काढतो, दर ३० सेकंदांनी बदलतो, त्याला रेंज लागत नाही. जयगडच्या उताराला किंवा गुहागरच्या वाडीत उभं राहून काम करायचं असेल तर एसएमएसची वाट बघत बसणं परवडत नाही, हे इथल्या माणसाला सांगावं लागत नाही. मोबाईलचं घड्याळ बरोबर असलं म्हणजे झालं.

फायरवॉल आणि राउटर यांच्यापर्यंत जायचं ते फक्त या मिनी-पीसीवरून. त्यासाठी प्रत्येक शाखेत उपकरणांच्या देखभालीचा वेगळा व्हीलॅन (त्याच तारांवर वेगळं काढलेलं जाळं) केला, क्रमांक ९९, आणि राउटर-स्विचचे अ‍ॅडमिन पत्ते त्यात हलवले. कॅशियरच्या पीसीवरून राउटरचं लॉगिन पान उघडेनासं झालं. पुष्कळ जण बाहेरची बाजू बंद करून थांबतात, आतल्या जाळ्यावर विश्वास ठेवतात. मला ते पटत नाही. एखाद्या ईमेलमधून कॅशियरच्या पीसीत काही शिरलं, तर ते ‘आत’च असतं आणि तिथून पहिलं सापडतं ते राउटरचं पान.

लाईन तुटली तेव्हा

सगळं बसवल्यानंतर खरी परीक्षा महामार्गाच्या कामाने घेतली. जेसीबीने केबल तोडली आणि लांजा शाखा गेली. शाखेचा टनेल फायबरवर, नवी वाट त्याच टनेलमधून. म्हणजे राउटर बघायची गरज नेमकी तेव्हा, आणि तेव्हाच तो हाताला लागत नाही. पूर्वी डोंगलवर गेलेली शाखाही सामायिक पत्त्यामागेच असायची, त्यामुळे आधीही हीच अडचण होती. पण आता लोकांना म्हणायला कारण मिळालं : “तुम्ही बंद केलंत म्हणून.”

तोडगा असा निघाला. बाहेरून शाखेत शिरायचं नाही, शाखेनेच बाहेर हात द्यायचा. प्रत्येक राउटर फोरजी डोंगलवरून स्वतः मुख्य कार्यालयाच्या मिनी-पीसीला वायरगार्डचा एक बारीक टनेल लावून ठेवतो आणि दर २५ सेकंदांनी एक लहान पॅकेट पाठवत राहतो, म्हणजे मोबाईल कंपनीच्या सामायिक पत्त्यातली नोंद जिवंत राहते. या टनेलमधून फक्त देखभालीचा व्हीलॅन दिसतो, ग्राहकांचे व्यवहार त्यातून जात नाहीत. यासाठी राउटरओएसची, म्हणजे मायक्रोटिकच्या सॉफ्टवेअरची, सातवी मालिका लागते, सहाव्यात वायरगार्ड नाही. काही शाखांतले राउटर सहाव्यावर होते, ते अपडेट करणं ओघाने आलं. ते नाहीतरी करायलाच हवं होतं.

पुढच्या वेळी राजापूरची केबल तुटली तेव्हा कोल्हापूरच्या माणसाने घरून जोडून फायबरच्या पोर्टची अवस्था बघितली आणि केबल कंपनीला तक्रार दिली. नंतर त्याचाच फोन आला, “सर, हे आधीपेक्षा बरंय. आधी डोंगलवर गेलेली शाखा मला कधी दिसायचीच नाही की.” बंद करण्याच्या बदल्यात आधी नसलेली एक सोय त्याच्या हाती आली, आणि त्यानंतर त्याचा विरोध मावळला.

स्वतःलाच बाहेर ठेवण्याची भीती

प्रवेश मर्यादित करणारा नियम चुकीचा लिहिला तर पहिला बाहेर फेकला जातो तो लिहिणाराच. मुंबई-पुण्यात हे फार तर रिक्षाचं भाडं. इथे साखरप्याला किंवा गुहागरला माणूस पाठवायचा. म्हणून प्रत्येक बदल परतीची सोय ठेवूनच केला. मायक्रोटिकमध्ये कंट्रोल-एक्स दाबून सेफ मोड घेतला की जोडणी तुटल्यास त्या सत्रातले बदल आपोआप मागे जातात. फोर्टिगेटमध्ये बदल ठरावीक वेळात पक्का केला नाही तर जुनी सेटिंग परत यावी असं ठरवता येतं. सिस्को असेल तर ‘रिलोड इन १०’ लावून ठेवायचं, म्हणजे दहा मिनिटांनी यंत्र जुन्या सेटिंगने पुन्हा सुरू होईल, आणि सगळं नीट झालं की ते रद्द करायचं. सुरुवात शहरातल्या शाखेपासून केली, गुहागर सगळ्यात शेवटी, आणि त्या वेळी शाखेत कुणीतरी हजर असेल एवढं बघितलं.

प्रत्येक शाखेत कन्सोलची केबल (लॅपटॉप थेट राउटरला जोडायची) लेबल लावून शाखाधिकाऱ्याच्या कपाटात आहे. आणीबाणीचा स्थानिक पासवर्ड प्रत्येक राउटरचा वेगळा, लाखबंद पाकिटात, तिजोरीत. पाकीट फोडलं की दोघांच्या सह्या आणि दुसऱ्या दिवशी नवा पासवर्ड. ही कल्पना शाखाधिकारी मॅडमची. त्यांच्या मते तिजोरीच्या रजिस्टरला एक रकाना वाढवला की वेगळी पद्धत शिकवायची गरज नाही. ते बरोबर निघालं.

सेटिंगमधल्या तीन जागा

इथे थोडे तपशील देतो, कारण काम झालं असं वाटल्यावरही या तिन्ही जागा उघड्या होत्या.

फोर्टिगेटमध्ये अ‍ॅडमिन खात्याला ‘ट्रस्टेड होस्ट’ लावता येतात : हे खातं अमुक पत्त्यांवरूनच चालेल. पण एक जरी अ‍ॅडमिन खातं या बंधनाशिवाय राहिलं, तरी लॉगिन पान सगळ्यांना दिसत राहतं. कागदपत्रांत हे स्पष्ट लिहिलेलं आहे, तरी नजरेतून सुटतं. इथे ‘सपोर्ट’ नावाचं एक जुनं खातं होतं, ते कुणाचं हे शोधण्यात बराच वेळ गेला. सगळे एकाच नावाने लॉगिन करत असल्यामुळे ते कुणी तयार केलं याचा माग लागत नव्हता. शेवटी आधीच्या कंपनीच्या माणसाने फोनवर आठवून सांगितलं की ते त्यांचंच.

मायक्रोटिकवर विनबॉक्सला आयपीचा नियम लावला तरी विनबॉक्स मॅक पत्त्यावरूनही, म्हणजे उपकरणाला कारखान्यातच मिळालेल्या क्रमांकावरूनही, जोडतं. ते आयपीच्या खालच्या थरावर चालतं, त्यामुळे फायरवॉलचा आयपी नियम त्याला लागतच नाही. म्हणजे शाखेच्या स्विचला लॅपटॉप लावणारा कुणीही राउटर शोधून लॉगिनच्या पानापर्यंत पोहोचू शकत होता. मॅक-सर्व्हर फक्त देखभालीच्या व्हीलॅनपुरता ठेवला, शेजारची उपकरणं शोधण्याची सोयही तेवढीच.

आणि आयपीव्ही६, म्हणजे इंटरनेटवरच्या पत्त्यांची नवी पद्धत (जुनी ती आयपीव्ही४). शाखेच्या नव्या फायबरबरोबर आयपीव्ही६चा पत्ता आपोआप आला होता. आयपीव्ही४चे सगळे नियम चोख, आयपीव्ही६ची यादी कोरी. बाहेरून त्या पत्त्याने तपासलं तर २२ पोर्ट उत्तर देत होता. आयपीव्ही४च्या फायरवॉलचा नियम आयपीव्ही६ला लागत नाही, त्याची यादी वेगळी लिहावी लागते. संस्थेला आयपीव्ही६ची गरज नव्हती. तिथे ते बंदच केलं.

नावं, लॉग, किल्ल्या

सामायिक ‘अ‍ॅडमिन’ खातं गेलं, प्रत्येकाला स्वतःचं नाव मिळालं. शाखाधिकाऱ्यांना फक्त बघण्याचा अधिकार, म्हणजे लाईन चालू आहे की नाही एवढं दिसतं. रेडियस सर्व्हर (सगळ्यांची लॉगिनं एका जागी तपासणारा) बसवू का असं विचारलं गेलं. एवढ्या उपकरणांना आणि चार माणसांना मी तो बसवला नाही. मुख्य कार्यालयाची लाईन गेली की तो पोहोचत नाही, स्थानिक खातं ठेवावंच लागतं, आणि सांभाळायला एक यंत्र वाढतं. शाखा वाढल्या तर विचार बदलेन.

लॉगची गोष्ट कोकणातल्या विजेशी जोडलेली आहे. या राउटरांचे लॉग मूळ सेटिंगप्रमाणे मेमरीत राहतात. वीज गेली, यूपीएस दमला, की सगळे पुसले. पावसाळ्यात असं किती वेळा होतं हे सांगायला नको. वर लहान राउटरांत बहुधा घड्याळाची बॅटरी नसते, त्यामुळे वीज आल्यावर नेटवरून वेळ मिळेपर्यंत नोंदींची तारीख भलतीच. घुसखोरी झाली होती का, या प्रश्नाचं ठाम उत्तर यामुळेच देता आलं नाही. आता सगळे लॉग मुख्य कार्यालयातल्या मिनी-पीसीवर जातात, वेळ एनटीपीने, म्हणजे नेटवरच्या घड्याळावरून, जुळवलेली. केंद्र सरकारच्या सर्ट-इन या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२च्या निर्देशांप्रमाणे लॉग १८० दिवस ठेवायचे आहेत आणि घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायची आहे. लॉगच नसतील तर त्या ६ तासांत कळवणार काय?

सगळ्यात जास्त वेळ टनेलच्या किल्ल्या बदलण्यात गेला. देखभाल कंपन्यांच्या लॅपटॉपवर सेटिंगचे बॅकअप पडलेले होते, कुठला कुठे हे कुणी सांगू शकत नव्हतं. अशा फाईलमध्ये टनेलच्या किल्ल्या असतात, खाती असतात. जानेवारी २०२५मध्ये सुमारे १५,००० फोर्टिगेटच्या सेटिंग फायली इंटरनेटवर फुकट टाकल्या गेल्या. त्या २०२२च्या त्रुटीतून तेव्हाच उचललेल्या होत्या. दरम्यान ज्यांनी त्रुटी दुरुस्त केली पण पासवर्ड आणि किल्ल्या त्याच ठेवल्या, त्यांची माहिती तरीही उघडी झाली. म्हणून नऊच्या नऊ शाखांच्या किल्ल्या नव्या केल्या, एकेक शाखा, कामकाज संपल्यावर.

फायरवॉलच्या कंपनीचं क्लाउड खातंही याच वेळी हाताशी आलं. त्यातून फायरवॉलवर थेट पोहोचता येतं, आणि ते देखभाल कंपनीच्या एका माणसाच्या वैयक्तिक ईमेलवर होतं. अ‍ॅडमिन पान कितीही झाकलं तरी ही वाट उघडीच राहिली असती. खातं संस्थेच्या नावावर आणलं, मोबाईल कोड सक्तीचा केला. देखभालीच्या करारात आता लिहिलेलं आहे की कंपनीतला माणूस सोडून गेला तर त्याच दिवशी संस्थेला कळवायचं, खातं त्याच दिवशी बंद.

बाकी राहिलेलं

सीसीटीव्हीचे रेकॉर्डर आणि हजेरीची यंत्रं वेगळ्या व्हीलॅनमध्ये गेली, त्यांचे बाहेरून येणारे पोर्ट बंद केले. एका शाखेच्या फायरवॉल यादीत ‘टेस्ट१’ नावाने रेकॉर्डरकडे नेणारा नियम सापडला, तो कुणी घातला ते आजही कळलेलं नाही. दोन संचालकांना घरून मोबाईलवर कॅमेरे बघायचे आहेत. रेकॉर्डरच्या कंपनीचं क्लाउड अ‍ॅप त्यांना सोपं वाटतं, मला त्यावर भरवसा नाही. वायरगार्ड लावलेला एक टॅब मुख्य कार्यालयात ठेवून तिथूनच बघा, असं सुचवलं आहे. निर्णय झालेला नाही.

गुहागरचा स्विच जुना आहे, त्यावर टेलनेटशिवाय दुसरा मार्ग नाही. तो देखभालीच्या व्हीलॅनमध्ये आहे आणि फक्त मिनी-पीसीवरून पोहोचता येतो, पण शाखेच्या आतल्या तारेवर पासवर्ड उघडाच वाहतो. बदली स्विचची मागणी पुढच्या अंदाजपत्रकात घातली आहे. तोपर्यंत त्याच्यावर दुसरीकडे कुठेही न वापरलेला पासवर्ड आहे, आणि पावसाळा सुरू होण्याआधी तवसाळच्या बोटीने जाऊन नवा स्विच बसवायचं ठरलं आहे.